वाडग्यातलं परकं रक्त

त्या संध्याकाळी धक्क्यावरच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. जेलीफिश खारवायचं काम टाकून बाया ओल्या हातांनीच आल्या होत्या. मधोमध खुर्चीत बून तेइक, सुजून पिंप झालेला. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. बहीण स्यू गाएक आणि धाकटा भाऊ चिन लिओंग, यांच्यापैकी कुणाचं मूत्रपिंड त्याला मानवेल ते आज देव सांगणार होता.

"डॉक्टरांना यंत्रं लागतात, मला वाडगा पुरतो," अंगात आलेला देवळाचा भगत काव सेंग डोळे फिरवत म्हणाला. "मी बोलत नाही. पाणी बोलतं."

पहिल्या वाडग्यात बून तेइकच्या रक्ताचा थेंब पडला, मग बहिणीचा. दोन्ही पसरले, एक झाले. गर्दीने हात जोडले. दुसऱ्या वाडग्यात त्याचा आणि चिन लिओंगचा. ते गोळे होऊन तळाशी वेगवेगळे बसले.

"परकं रक्त. याचं मूत्रपिंड पोटात सडेल."

"मग बाप कोण म्हणायचा?" मागे कुणीतरी खुसखुसलं. म्हाताऱ्या आईने मान खाली घातली. चिन लिओंगने तोंड पाडलं, पण खांदे सैल सोडले.

स्यू गाएक हसत हॉस्पिटलात गेली. तपासण्या झाल्यावर डॉक्टर नूरहायतींनी मान हलवली.

"आपलं-परकं ओळखायच्या खुणा शरीरात असतात. आईकडे दोन जुडगे, बापाकडे दोन; पोराला प्रत्येकाकडून एकच मिळतो. त्याला आले ते सोडून नेमके उरलेले दोन तुला आलेत. त्यातून त्याला इतक्यांदा रक्त चढवलंय की तुझ्या खुणांवर त्याचं शरीर आधीच दात धरून आहे. तुझं मूत्रपिंड टेबलावरच काळं पडेल."

"एकाच आईबापाची असून?"

"असून. धाकट्याला आणा. भावंडांत चारांत एकाचं सगळं जुळतं."

धाकटा थोरल्या बहिणीला म्हणाला, "देवच नको म्हणाला, आ-ची. त्याच्यापुढे मी कोण?"

"तुझ्या शेडमधलं तुरटीचं पोतं देव्हाऱ्यामागे कसं गेलं रे?" स्यू गाएकने विचारलं.

तो पाठ फिरवून निघाला. तुरटीने जेलीफिशचं मऊ मांस कसं आवळतं, ते आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. पण देवाचं पाणी चाखतो कोण?

पुढच्या बैठकीला ती काखेत बदक घेऊन आली. साध्या पाण्यात तिने बून तेइकचा थेंब टाकला, वर बदकाचा. झाले एक.

"आ-हिया," ती थोरल्या भावाला म्हणाली, "हा तुझा सख्खा भाऊ."

मग दाट तुरटीच्या पाण्यात स्वतःच्या डाव्या हाताचा थेंब, उजव्या हाताचा थेंब. दोन गोळे.

"आणि मी माझीच कुणी नाही."

हसली फक्त म्हातारी, आणि ते हसू ऐकवत नव्हतं. काव सेंगचं वारं उतरलं होतं. तो चपला शोधत होता.

"सुरीची भीती वाटली, आई," चिन लिओंग पुटपुटला.

"म्हणून मला बाहेरख्याली ठरवलंस."

त्याला ओढतच तपासायला नेलं. निकाल यायच्या आधी बून तेइकच्या रक्तात विष पसरलं आणि तो गेला. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा शवपेटी अजून दारात होती. "तंतोतंत," त्या म्हणाल्या. "याहून चांगलं जुळतच नाही."

चिन लिओंगची दोन्ही मूत्रपिंडं ठणठणीत आहेत. काव सेंग आता पलीकडच्या धक्क्यावर बसतो, तिथेही गर्दी असते.

पाण्याला नातं कळत नाही. शरीराला खुणा कळतात, आणि त्या तपासता येतात. तरीही कुणी वाडगा पुढे केलाच, तर हात जोडण्याआधी त्यातलं पाणी चाखून बघा.