एक किलो सहाशे ग्रॅम

आमच्या कंपनीत शर्ट शिवतात. मी पॅकिंगला. शर्टाची घडी घालायची, कॉलरमध्ये पुठ्ठा सरकवायचा, पिशवीत भरायचा, खोकं भरलं की काट्यावर ठेवायचं. तो काटा ग्रॅमचंही खोटं बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

ऑफिसातल्या नव्या मॅडमच्या डोक्यात एक किडा वळवळला. सात दिवस, माणशी रोज चाळीस रुपयांतच खायचं. प्रत्येक ताटाचा मोबाइलवर फोटो काढायचा, खरेदीच्या चिठ्ठ्या वहीत चिकटवायच्या, पहिल्या दिवशी आणि सात दिवस संपल्यावर वजन करायचं. म्हणे, कमी पैशांत लोक कसे जगतात ते आपल्याला कळेल. 'आपल्याला' म्हणताना त्या आम्हा पॅकिंगच्या बायकांकडंही बघत होत्या. माझं डोकं तिथंच फिरलं होतं.

तरी नाव दिलं, ते बक्षिसासाठी. जो नियम न मोडता सात दिवस काढेल त्याला आठ दिवस भरपगारी रजा. माझ्या लेकीचे दिवस भरत आलेले, पंधरा दिवस राहिले होते. पहिलंच बाळंतपण, ती लांब सासरी, आणि रोज फोनवर एकच धोशा, "आई, येशील ना?" बिनपगारी गेले तर त्या महिन्याचं भाडं गेलं. ती रजा मला हवीच होती.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता वेगळी चूल मांडणार का तू?"

"सातच दिवस," मी म्हटलं. "नियमच आहे. माझं वेगळं दिसायला पाहिजे."

"बावीस वर्षांत सुचलं नाही ते आता सुचलं," असं म्हणून त्या हसल्या, पण हो म्हणाल्या. पणतवंडाची घाई त्यांनाही होतीच.

आम्ही घरात चौघं. सासूबाई, नवरा, धाकटा दीर आणि मी. दीर माझ्याच कंपनीत कापडाच्या कटिंगला आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा दप्तर पाठीला लावून शाळेत जायचा, आता त्याच्या लग्नाची बोलणी चाललीत, तीही शिवणखात्यातल्या मुलीशी. चौघांचं दिवसाचं मी शंभरात भागवते. माणशी किती पडतात ते कधी काढलं नव्हतं. काढून करायचं काय? शिजवायचं, तिघांना वाढायचं, पातेल्यात उरेल ते ओट्याशी उभ्यानं खायचं की लगेच भांडी घासायला मोकळी. मला कुणी उपाशी ठेवत नव्हतं. कुणी बघत नव्हतं, एवढंच. मीसुद्धा बघत नव्हते.

पहिल्या दिवशी चाळीस घेऊन दुकानात उभी राहिले तर सुचेचना काय घ्यावं. एका माणसाला चाळीस. अंडं घेतलं, केळी घेतली, थोडं दूध घेतलं, डाळ-तांदूळ घेतले, तरी सुटे परत आले. मग फोटोसाठी ताट काढावं लागलं. आणि ताट काढलं की बसावं लागतं. पूर्ण भात, घट्ट डाळ, उकडलेलं अंडं, कांदा. मी जमिनीवर मांडी घालून बसले तर नवरा म्हणाला, "बरं नाही का तुला?"

कंपनीत जेवणाच्या सुट्टीत नुसता रडारडीचा कार्यक्रम. हिशेबनीस दुसऱ्याच दिवशी चक्कर येतेय म्हणून बाहेर पडला. कापडखरेदीचे साहेब डबा उघडून असा सुस्कारा टाकायचे, जसं कुणी गेलंय. मॅडम तर म्हणाल्या, "रात्रभर पोटात कावळे ओरडतात हो. तुम्हाला कसं जमतं?"

"सवय," मी म्हटलं आणि अंडं सोलत राहिले.

घरी मात्र कुरकुर सुरू झाली. माझे चाळीस बाजूला काढले की तिघांना साठ उरायचे. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं पातेल्यात डाव खरवडला आणि विचारलं, "भात हल्ली कमी का पडतोय?" दीर म्हणाला, डाळ पातळ झालीय. मी कसनुशी होऊन सातच दिवस, सातच दिवस म्हणत राहिले. माझं मन मलाच खात होतं, कर्म माझं.

आठव्या दिवशी सकाळी सगळ्यांना पॅकिंगमध्ये बोलावलं. टिकलो होतो आम्ही सहा जण. सगळी खाती जमलेली, दीर कटिंगवाल्यांबरोबर भिंतीला टेकून उभा. एकेक जण काट्यावर चढायचा, आकडा वाचला जायचा. कुणाचं दीड किलो उतरलेलं, कुणाचं दोन. टाळ्या पडत होत्या. शेवटी मी चढले. पहिल्या दिवशी एक्केचाळीस किलो दोनशे होते. आता बेचाळीस किलो आठशे.

मागं कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "काटा बिघडलाय का?"

नसती हुशारी मला नडते. खाली उतरले, दहा किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. बरोबर दहा. म्हणजे माझ्यावरचा आळ मीच पक्का केला.

"चाळिसात वजन वाढतं का कुणाचं?" मॅडम हळू बोलत होत्या, पण ऐकू सगळ्यांना जात होतं. "फोटो आहेत, चिठ्ठ्या आहेत, मान्य. पण त्याच्याबाहेर चोरून काही खाल्लंत का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

"नाही."

"मग एक किलो सहाशे ग्रॅम आले कुठून? आधी काय खात होतात तुम्ही?"

प्रश्न सोपा होता. उत्तरही सोपं होतं, एका ओळीचं, आणि ते दिलं असतं तर रजा माझी होती. पण मी भिंतीकडं बघितलं. दीर होता, कटिंगवाले होते, आणि शिवणाच्या बायकांत ती मुलगीही होती, पदर तोंडाला लावून. उद्यापासून कंपनीभर झालं असतं, वहिनीला उपाशी ठेवणारं घर. त्याचं लग्न मोडलं असतं. आणि खरं सांगू, मला माझीच लाज वाटली. आकडा तिथं लाल अक्षरांत लागलेला, आणि मला तो आत्ता कळत होता.

"खाल्लं," मी म्हटलं. "चोरून खाल्लं."

मॅडमनी वहीवर काट मारली. आयुष्यात पहिल्यांदा सात दिवस मी सगळ्यांसमोर, ताटात, बसून जेवले होते, आणि त्यालाच मी चोरी म्हणाले. इतका संताप आला होता की त्या दिवशी तीन खोकी उलटी भरली.

संध्याकाळी फाटकाशी दीर थांबलेला होता. मला बघून पुढं आला आणि म्हणाला, "वहिनी, खरंच चोरून खाल्लंत?"

मी जागच्या जागी थांबले. याच्यासाठी मी रजा घालवली होती.

"भावजी, माझं ताट कधी बघितलंय तुम्ही? या सात दिवसांच्या आधी?"

त्यानं खूप आठवून बघितलं. "नाही, म्हणजे, तुम्ही आमच्यानंतर जेवता ना."

"हो," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढं, मला फोन करायचाय."

तो दोन पावलं गेला आणि वळून उभा राहिला. चेहरा पडला होता त्याचा. मी पाठ फिरवली, आज मला कुणाची समजूत काढायची नव्हती.

फाटकाच्या कट्ट्यावर बसून लेकीला फोन लावला. रजा मिळाली नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "असू दे गं, आई." आवाज एवढासा झाला होता. मी विचारलं, "जेवलीस का दुपारी?"

"नाही अजून. पाहुणे होते. आता सगळ्यांचा चहा झाला की पातेल्यात आहे ते घेते उभ्याउभ्या."

माझेच शब्द. मी कधी शिकवले नव्हते तिला. ती लहानपणी ओट्याशी माझा पदर धरून उभी असायची, तेवढंच.

"फोन ठेवू नकोस," मी म्हटलं. "ताट घे."

"आई, सगळे बाहेर बसलेत."

"बसू देत. ताट घे आणि खाली बस. बिनपगारी तर बिनपगारी, मी येतेय, आणि आल्यावर पहिलं तुझं ताट बघणार आहे. आता वाढून घे, मला ऐकू येऊ दे."

मग झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि पातेल्यात डाव फिरला.

"अजून एक डाव," मी म्हटलं.