पोटातल्या बिऱ्हाडांची हजेरी

ऑपरेशनचे टाके पुरते सुकायच्या आत दवाखान्यातून निरोप आला की बैठक आहे, आणि माझ्या पोटातून जे जे काढलं ते सगळं बैठकीला हजर राहणार आहे. या दवाखान्याची पद्धतच तशी. काढलेल्या गाठींचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पुढचं औषध ठरत नाही. म्हटलं, ऐका बापडे. माझं म्हणणं आजवर कोणी ऐकलं नाही, निदान माझ्या गाठींचं तरी ऐका.

मी मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन आहे. कोण कुणाच्या खोलीत झोपली, कोणी मैत्रीण चोरून ठेवून घेतली, हे माझ्यापासून लपत नाही. आणि माझ्याच पोटात अख्खं वसतिगृह भरलं तरी मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पोट फुगायला लागलं तेव्हा मी आपली रात्रीचं जेवण कमी करत बसले होते.

पण बैठकीला मी गेले ती गाठींसाठी नाही. मला लेकीला तिथे न्यायचं होतं. दवाखान्यात एक जनुकवाल्या मॅडम आहेत, पेशींमधला वारसा वाचतात. त्यांनी आधीच सांगितलं होतं की माझ्यात जन्मापासून एक जनुक बिघडलेलं आहे, आणि ते लेकीत उतरलंय का हे बघायला तिचं थोडं रक्त हवं. वेळेत कळलं तर तिला वाचवता येतं. माझ्यासारखं बैल गेल्यावर झोपा करून काय उपयोग? पण लेक ऐकेल तर शपथ. तिचं एकच पालुपद, मी बाबांवर गेलेय.

यात तिचा दोष नाही. आमच्या घरात मूल जन्मलं की पहिली पंचाईत हीच, कोणावर गेलं. आणि निकाल देणार आत्या, माझ्या वडिलांची बहीण. तिने एकदा वाकून बघितलं की संपलं, त्यावर अपील नाही. मी आईवर गेले, डोक्यापासून नखापर्यंत. लेक बापावर गेली. नाक त्याचं, चाल त्याची, शिंकसुद्धा त्याची. डॉक्टर जेव्हा जेव्हा विचारायचे की घरात कुणाला असलं दुखणं होतं का, तेव्हा माझ्याआधी आत्याच सांगून मोकळी व्हायची की हिच्या आईकडे फक्त गुडघे दुखतात. वडिलांकडच्या बायका मोजायच्याच नाहीत, कारण मी तिकडची नव्हतेच ना. माझी आजी पोटात पाणी होऊन गेली, धाकटी आत्याही तशीच गेली. पण त्या पडल्या दुसऱ्या पार्टीच्या.

तर नुसती बैठकीला तरी चल म्हणून लेकीला ओढलं, आत्या न बोलावता आली, आणि आम्ही तिघी गेलो. लांबलचक टेबल, ठिबकणाऱ्या एसीखाली बादली, आणि भिंतीकडेच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दवाखान्याचे हिरवे गाऊन घालून माझ्या गाठी बसलेल्या. खोलीभर औषधाचा उग्र वास. अंडाशयावरची गाठ सगळ्यात थोराड, दोन खुर्च्या अडवून बसली होती. शेजारी आतड्यांवरच्या चरबीच्या पदरातली, खाऊनपिऊन सुखी. मग यकृताच्या वरच्या अंगाची, मग पोटाच्या अस्तरावरच्या चिल्लीपिल्ली. आणि एका कोपऱ्यात बिचारं अंडाशय, मान खाली घालून. मला त्याच्याकडे बघवेना, इतकी वर्षं सोबत होतं.

सर्जनसाहेबांनी सुरुवात केली की हा अंडाशयाचा कॅन्सर असून. त्यांना तिथेच तोडत जनुकवाल्या मॅडम म्हणाल्या की जरा थांबा. त्यांनी प्रत्येक गाठीतली जनुकं अक्षर अन् अक्षर वाचली होती. एका पोरीने पेपरात चूक करावी आणि बाकीच्यांनी ती डोळे मिटून उतरवावी, तसं झालेलं. पेशी बेफाम वाढू नयेत म्हणून राखण करणाऱ्या चौकीदार जनुकातली एक चूक सगळ्यांकडे सारखीच, म्हणजे सगळ्या एकाच बाईच्या लेकी. पुढे जी जिथे गेली तिथे तिने आपल्या चार चुका वाढवल्या. म्हणून जिच्याकडे चुका सगळ्यात कमी, ती सगळ्यात जुनी. मॅडमनी बोट दाखवलं ते शेवटच्या खुर्चीकडे. मला खुर्ची रिकामी वाटत होती. चष्मा लावून बघितलं तर तिच्यावर मोहरीएवढी एक गाठ बसली होती.

ही अंडाशयाची नव्हेच. ही शेजारच्या गर्भनळीच्या टोकाला राहणारी. तिथून सटकली, अंडाशयावर जाऊन पडली, आणि तिथे वंश वाढला. म्हणजे इतके दिवस आम्ही अंडाशयाच्या नावाने खडे फोडत होतो आणि त्याचा गुन्हा एवढाच की ते शेजारी राहत होतं. सर्जनसाहेब उठले आणि अंडाशयाची माफी मागितली. त्याने मान आणखीच खाली घातली. आढ्यता नाही ती, मला माहीत आहे. वाईट वाटलं असणार.

मग मला राहवेना. उलटतपासणी माझ्याकडे घेतली, शेवटी नोकरी कशाची करते? थोराडीला विचारलं की बाहेर पडलात कशा, रक्तातून? ती म्हणाली की छे, पोटातल्या पाण्यातून. एकटी गेली तर पाण्यात मरते, म्हणून घोळक्याने जायचं, एकमेकींना घट्ट धरून. म्हटलं, माझ्याकडच्या पोरी कुंपणावरून जातात तशाच की. आणि उतरायचं कुठे? तर चरबीच्या पदरात, तिथे खायला आयतं मिळतं. पदरातली लाजून हसली. फुकटचं गिळायचं आणि वर लाजायचं.

शेवटी त्या मोहरीएवढीला विचारलं की बाई, सुरुवात तू का केलीस? तिचा आवाज ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. ती म्हणाली, "चौकीदार मी मोडला, कबूल. पण दुरुस्तीचं जनुक आधीच मोडलेलं होतं. माणसाला त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. हिची एक प्रत जन्मतःच खराब होती. दुसरी गेल्यावर दुरुस्तीला कोणी उरलंच नाही."

आत्या लगेच म्हणाली की आईकडचीच असणार, खाण तशी माती. आपलं घराणं स्वच्छ आहे हे दाखवायला तिने गेल्या आठवड्यात स्वतःहून रक्त दिलं होतं, कोणी मागितलं नव्हतं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ती खराब प्रत आत्यातही आहे. वडिलांकडूनच आलीय.

आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला आयुष्यात साधी सर्दी झाली नाही, असं ती दोनदा म्हणाली. मॅडम म्हणाल्या की होतं असं, खराब प्रत असून काहींना काहीच होत नाही, नशीब. मग आत्याने आपल्या गेलेल्या आईचं नाव घेतलं, धाकट्या बहिणीचं घेतलं, आणि माझा हात धरून रडली. मला तिचा भयंकर राग आला होता, पण रडणाऱ्या म्हातारीवर काय ओरडणार?

मी लेकीकडे वळले. म्हटलं, बघ, मी आईवर गेले तरी वडिलांकडचं आलंच. लेक हट्टाने म्हणाली की माझं नाक बघ, माझे हात बघ. तेवढ्यात शेवटच्या खुर्चीवरून मोहरीएवढी बोलली.

"नाकाशी माझा काही संबंध नाही, बाळ. निम्मी शक्यता आहे. कोणावरही गेलीस तरी निम्मी."

लेक तडक उठली, मला वाटलं निघून जाणार. पण ती उभ्या उभ्याच बोलली, माझ्याकडे न बघता. "लहानपणापासून ऐकतेय, हिच्यात आईचं काहीच नाही. आरशासमोर उभं राहून शोधायचे मी, कुठे काही तुझं सापडतंय का. आणि आता काही सापडलंच तर हे?"

थोराडीसुद्धा खाली बघायला लागली. वसतिगृहात माझी जीभ कधी टाळूला लागत नाही. इथे मी एवढंच म्हटलं, "चल ना गं. मी तुझ्याजवळ बसते."

ती आली. रक्त घेणाऱ्या नर्सबाई त्याच, ज्यांनी महिनाभर माझं रक्त काढलं होतं. त्यांनी लेकीच्या दंडाला पट्टा बांधला, कोपरावर टिचक्या मारल्या, बोटाने चाचपलं, हात पालथा करून पाहिला. मग हसून म्हणाल्या, "अगदी आईवर गेलीय. शीर सापडेल तर शपथ."

असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हणत होतं. लेकीने वर बघितलं आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा फुलला. मीही हसले तिच्याकडे बघून, आणि मनात म्हटलं, देवा, फक्त शिरेपुरतीच आईवर गेलेली असू दे.