एकशे एक आनंदी नागरिक

मुख्य टपाल कचेरीच्या भिंतीवर एकशे एक आनंदी नागरिक होते. सरकारने ते मोजून घेतले होते. रांगेत तासभर ताटकळलेल्या माणसाने मान वर केली, की समोर हे सगळे बत्तिशी दाखवत उभे! देशात आनंदीआनंद आहे हे नुसतं सांगून लोकांना पटत नाही ना, म्हणून तो भिंतीवर काढून दाखवायचा.

काढला होता रंग्याने. पन्नाशी उलटली, टक्कल पडलं, तरी थोरल्या बहिणीने ठेवलेलं हे नाव काही सुटलं नाही. इतके चेहरे आणायचे कुठून? मग त्याने ओळखीपाळखीचे सगळे भिंतीवर चढवले. दूधवाला, न्हावी, घरमालक, आणि दुसऱ्या रांगेत ताईचा एकुलता एक मुलगा, म्हणजे त्याचा भाचा.

या भाच्याने भर सभेत उभं राहून महानेत्यांना एक प्रश्न विचारला. एकच. दुसऱ्या दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले आणि तपासासाठी म्हणून घरातले सगळे फोटोही घेऊन गेले, पाळण्यातल्या फोटोसकट. पाळण्यातल्या पोराचा कसला डोंबलाचा तपास! पण विचारणार कोण? पाच महिने झाले, ना पोराचा पत्ता, ना फोटोंचा. ताई रोज टपाल कचेरीत यायची, लागो न लागो एक पाकीट घ्यायची आणि भिंतीवरच्या लेकाला डोळे भरून बघून जायची.

मग संस्कृती अधिकाऱ्यांकडे कोणीतरी चुगली केली. त्यांनी रंग्याला बोलावून घेतलं.

"देशद्रोही भिंतीवर दात काढतोय आणि तुम्ही खुशाल बसलाय? पंधरा दिवसांनी महानेते येतायत. खोडा त्याला!"

"खोडतो साहेब. पण मग शंभरच राहतील."

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. एकशे एक हा आकडा महानेत्यांच्या भाषणात होता, शाळेच्या पुस्तकात होता, पोस्टाच्या तिकिटावरसुद्धा होता. देशातला एक आनंदी माणूस कमी झाला, हे कोणत्या तोंडाने सांगणार? "मग दुसरा कोणीतरी बसवा तिथे," ते म्हणाले.

दुसरा कोण? त्या जागेवर हसायला कोणी तयार होईना. शिपाई म्हणाला, माझी पोरं अजून लहान आहेत हो. हेडक्लार्कची दाढ अचानक ठणकायला लागली. रंग्याने भीत भीत खुद्द अधिकाऱ्यांचंच नाव सुचवलं, तर ते असे दचकले की हातातला चहा फायलीवर सांडला.

संध्याकाळी ताईच्या घरी जाऊन रंग्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काढ तिथे."

"अगं ताई, त्याच्यावरच रंग द्यायचाय. माझ्या हाताने मी त्याला…"

"तू नाही दिलास तर दुसरा कोणीतरी चुना फासेल. नाक माझंच आहे त्याचं, डोळेही माझेच. केस पिकव, सुरकुत्या घाल. पण तोंडाला हात लावू नकोस, रंग्या. तेवढं त्याचं राहू दे."

ओठांचा डावा कोपरा किंचित वर गेलेला. मामाची फजिती झाली की पोरगं अस्संच हसायचं. रंग्याने तीन दिवस डोळे पुसत पुसत रंग दिला. चेहरा ताईचा झाला, हसू भाच्याचं राहिलं.

अधिकारी तपासायला आले आणि बघतच राहिले. रंग्याने हातातला ब्रश पाठीमागे लपवला.

"वा!" अधिकारी म्हणाले. "याला म्हणतात हसू! नाहीतर हे बाकीचे बघा, दातांच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखे. सगळ्यांची तोंडं अशी करून टाका."

"सगळ्यांची?"

"शंभरच्या शंभर. हुकूम समजा!"

हुकूमच म्हटल्यावर काय! दहा दिवस शिडीवर उभं राहून रंग्याने दूधवाल्याला, न्हाव्याला, घरमालकाला, सगळ्यांना भाच्याचं हसू देऊन टाकलं. इतक्या आवडीने त्याने सरकारी काम आजवर कधी केलं नव्हतं.

महानेते आले. मागे हा फौजफाटा! ताई दोरीपलीकडे गर्दीत उभी होती. महानेत्यांनी भिंतीकडे मान वर केली. एकशे एक तोंडं, आणि एकूण एक डावा कोपरा वर. ते पाऊलभर मागे सरले. उगाच कोटाची बटणं चाचपली.

"हे… हे असे का हसतायत?"

संस्कृती अधिकारी लगबगीने पुढे झाले. "आपल्यालाच, साहेब! सगळेच्या सगळे आपल्यालाच हसतायत!"

आपण काय बोलून बसलो ते त्यांना बोलून झाल्यावर कळलं, आणि ते पांढरेफटक पडले. तेवढ्यात दोरीपलीकडे कोणीतरी खुदकन हसलं.

रंग्याने वळून पाहिलं. ताईने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हसू काही केल्या आवरेना. मग तिच्या शेजारच्या पोस्टमनलाही राहवलं नाही.