पाठमोरा

"आजी, हात नका लावू. बोटांचं तेल लागतं फोटोला."

मी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. फोटो सांभाळणारी ती मुलगी बोलायला गोड होती. पांढरे हातमोजे घालून ती खोक्यातून एकेक फोटो काढायची आणि अलगद माझ्यासमोर मांडायची. राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयामागची ती खोली गारठलेली होती. फोटो टिकायला गारवा लागतो म्हणे. माझी लेक शेजारी बसून सारखी माझ्या खांद्यावर शाल ओढत होती.

सगळ्या फोटोंत तळं. ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं, ताटलीसारखं गोल, भोवती काळे कडे. फोटोला रंग नाही, पण मला ते हिरवंच दिसत होतं. वास तर नाकातून कधी गेलाच नाही, नुकत्याच विझलेल्या काडीसारखा. फोटोग्राफर दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी यायचा आणि पहाटे त्याच एका खडकावरून हाच एक फोटो काढायचा. पाणी किती चढलं, किती उतरलं, ते कळावं म्हणून. प्रत्येक फोटोत डावीकडे, काठावरच्या ठरलेल्या जागी, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी धरून एक माणूस उभा. पाठमोरा.

ते आमचे हे.

"आजी, आधीच सांगते, हे तळ्याचे फोटो आहेत," मुलगी म्हणाली. "माणसांचे नाहीत."

"माणूस आहे की त्यात."

"तो मापाला उभा केलेला."

लेक ताठ झाली. "मापाला म्हणजे? माझे बाबा आहेत ते!"

मुलीने जीभ चावली. "सॉरी ताई. इथे तसंच म्हणतात. माणसाची उंची ठाऊक असते ना, त्यावरून कडा किती उंच ते कळतं."

"मग मला विचारायचं," मी म्हणाले. "त्यांची हनुवटी बरोबर माझ्या डोक्यावर टेकायची."

ती हसली. लेक हसली नाही. त्याला कारण होतं.

आमच्या घरात ह्यांचा एकच फोटो होता, लग्नातला, आम्ही दोघं शेजारी उभे असलेला. भिंतीला ओल आली, तसा तो आतून काचेला चिकटला. नवी चौकट करू या म्हणून लेकीने गेल्या महिन्यात तो सोडवायला घेतला. मी निघाले सुखरूप. ह्यांचा चेहरा काचेवर राहिला आणि पुसायला गेल्यावर काचेवरूनही गेला. लेक ती काच हातात धरून रडली. मी तिलाच समजावत बसले, "असू दे गं, माझ्या डोळ्यांपुढे आहेत ते."

नव्हते. त्या रात्री डोळे मिटले आणि काही दिसेना. आधी आठवणीतून त्यांचा आवाज गेला होता, ते मला कळलं होतं, पण चेहरा भिंतीवर आहे म्हणून मी निर्धास्त होते. हात आठवतात, काठी धरून घट्टे पडलेले. खोकला आठवतो. मानेवरचा तीळसुद्धा आठवतो. पुढून पाहायला गेलं की काही नाही, पुसलेली पाटी. नात विचारते, आजोबा कोणासारखे दिसायचे? मी म्हणते, तुझ्यासारखे. मग तिच्या तोंडाकडे बघत बसते, काही सापडतं का म्हणून.

दुसरा फोटो नव्हताच. ते उद्यानात पाणी मोजायला रोजंदारीवर होते, रोजंदारीवाल्याला ओळखपत्र देत नाहीत. आणि शेवटचं तोंड मला कोणी पाहू दिलं नाही. तळ्याकाठच्या खळग्यात कधी कधी वाईट हवा साचते, तिला वास नाही, रंग नाही. त्या पहाटे ते एकटेच पाणी मोजायला उतरले. वर आणलं तेव्हा चादर बांधलेली होती. "वहिनी, नका बघू," सगळे म्हणाले. मी ऐकलं.

मुलीने शेवटचं खोकं रिकामं केलं. टेबलभर तळीच तळी. एका फोटोत पाणी त्यांच्या पायाशी, एकात कमरेला, एकात पार मागे गेलेलं. केस काळे, मग विरळ. पाठ मात्र तीच. घरी येऊन म्हणायचे, "एवढे फोटो निघाले, माझी पाठ जगभर ओळखीची झाली असेल. तोंड घेऊन गेलो तर कोणी विचारणार नाही!" फोटोग्राफरची सक्त ताकीद असायची, तळ्याकडे बघ, माझ्याकडे नाही. फोटोत तोंड दिसलं की लोक तोंडच बघतात, तळं बघत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

"एकदा ते वळले होते," मी म्हणाले.

मी त्यासाठीच आले होते. लेक कडेवर होती तेव्हाची गोष्ट. पहाटे डबा घेऊन मी वाट उतरले आणि खडकाआडून हाक मारली, "अहो, डबा!" आणि ह्यांनी मागे पाहिलं. फोटोग्राफर असा भडकला! फोटो वाया गेला म्हणून सगळ्यांदेखत बोलला त्यांना. ते खाली मान घालून हसत होते.

"वाया गेलेला फोटो ठेवतात का गं?"

"ठेवतात," मुलगी उठली. "खराब निघालेले वेगळ्या पाकिटात असतात. पण आजी, फार आशा धरू नका हं."

ती आतल्या खोलीत गेली. लेकीने माझा हात धरला. तिचा तळवा घामेजला होता, इतक्या गारठ्यात. "आई, असेल ना गं?" ती कुजबुजली. लहानपणी ताप आला की ती अशीच विचारायची, बरं वाटेल ना. मी तिची बोटं नुसती दाबली. बोलले असते तर देवाकडे काहीतरी भलतंच कबूल करून बसले असते.

पाकीट आलं. मुलीने आधी स्वतः पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं ते कळलं. तरी तिने फोटो समोर ठेवला.

कडा स्पष्ट. पाणी स्पष्ट. काठीवरचा पट्टा न् पट्टा मोजून घ्यावा असा. शर्टाची मागची दुमड, पायांतली झिजलेली चप्पल, सगळं होतं. मानेच्या वर एक पांढुरका फराटा होता, कोणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा.

"मोठा करा ना," लेक म्हणाली. "कंप्युटरवर करता येतो ना मोठा?"

मुलीने केला. फराटा मोठा झाला. आणखी केला, नुसते करडे चौकोन राहिले.

"अंधुक उजेडात काढायचे ना, कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं असायचं," ती हळूच म्हणाली. "तेवढा वेळ हलायचं नसतं. हे हलले."

"आणखी कर," लेक म्हणाली. "कर ना गं. असेल खाली कुठेतरी."

"ताई, खाली काही नाही."

लेकीने टेबलावर डोकं टेकलं. मुलगी पटकन फोटो बाजूला सरकवू लागली. मी तिला थांबवलं. त्या फराट्याकडे मी बराच वेळ पाहिलं. तो कुठे चालला होता ते दिसत होतं. तळ्याकडून निघून खडकाकडे, मी उभी होते तिकडे. पोहोचला नव्हता.

"आजी, एक प्रत काढून देते मी तुम्हाला," मुलगी म्हणाली. "कुठला देऊ? हा, की एखादा चांगला?"

मी चांगल्यांकडे वळले. सगळ्यांत शेवटच्या वर्षीचा मधोमध पडला होता. केस विरळ झालेले, मान थोडी वाकलेली. तीळ दिसत नव्हता, पण कुठे होता ते मला ठाऊक होतं. मी खाली वाकले. मुलगी या वेळी हात लावू नका म्हणाली नाही.

"अहो," मी त्या पाठीला हाक मारली.

लेकीने डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं. मुलीनेही पाहिलं.