आधी काच, मग कहाणी

तिने प्रत्येक काचेवरच्या नावावर कागदी पट्टी चिकटवली, नखाने दाबून घट्ट बसवली आणि काचांची पेटी छातीशी धरून बाईंच्या घराची बेल वाजवली.

रुग्णालयाच्या तपासणी विभागात ती आता वरिष्ठ डॉक्टर होती. पण बाईंच्या दारात उभी राहिली की तिची पुन्हा विद्यार्थिनी व्हायची. सूक्ष्मदर्शकातून रोग ओळखायला याच बाईंनी तिला शिकवलं होतं आणि त्यांचा एकच कडक नियम होता: आधी काच, मग कहाणी. रुग्ण कोण, दुखतं कुठे, हे काच बघण्याआधी कुणी विचारलं की बाई त्याला वर्गाबाहेर काढत. कहाणी ऐकली की डोळा फितूर होतो, म्हणत.

तिचा डोळा गेले काही दिवस फितूरच झाला होता. जे दिसत होतं ते खरंच तिथे होतं, की तिला हवं होतं म्हणून दिसत होतं, हे काही केल्या कळत नव्हतं.

दार बाईंच्या यजमानांनी, काकांनी उघडलं. बाईंचं ऑपरेशन झाल्यापासून स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि बाईंच्या मते ते भाज्यांवर कसलासा सूड उगवत होते. बाई खिडकीपाशी स्टुलावर उशी घेऊन बसल्या होत्या. त्यांची लाडकी वेताची खुर्ची तिथे नव्हती. ती त्यांनी शेजारणीला देऊन टाकली होती. पुस्तकं, शाली, कुंड्या, सगळ्याची वाटणी जिवंतपणीच उरकली होती. स्वतःच्या रिपोर्टची त्या चौकशीही करत नव्हत्या. आपल्याला काय झालंय ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणायच्या.

"एका पित्ताशयाचं अडलंय, बाई," ती म्हणाली. "अख्खंच कापून काचांवर चढवलंय. पण रिपोर्टवर सही करायला हात धजत नाही."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आपला जुना सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. पित्ताशय कुणाचं, हे काही त्यांनी विचारलं नाही. स्वतःचाच नियम त्या कशा मोडतील?

एकेक काच सरकत गेली. बाई मधूनच पुटपुटत होत्या. भिंत चांगलीच जाड झालीय. यकृताला चिकटलीय की. सोनोग्राफीत हुबेहूब कॅन्सर दिसला असणार. पेटी संपली तरी बाईंनी दोन-तीन काचा पुन्हा लावल्या.

"कॅन्सर असता तर वेड्यावाकड्या ग्रंथी भिंतीत घुसलेल्या दिसल्या असत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "इथे एकही नाही. या चरबीने फुगलेल्या फेसाळ पेशी बघ, जिकडेतिकडे. जुनी सूज आहे, कॅन्सरचं सोंग घेतलेली. भल्याभल्यांना चकवते. पण तू कशी गं चकलीस, चिमणे?"

"नक्की ना, बाई?"

"काळ्या दगडावरची रेघ. आता सांग कहाणी."

तिने पेटी पुन्हा छातीशी धरली.

"सत्तरीच्या बाई आहेत. पित्ताशयात वर्षानुवर्षं खडे होते, ते अंगावर काढले. मग उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, जेवण तुटलं, वजन उतरलं. सर्जननाही कॅन्सरचीच शंका होती." तिने बाईंकडे पाहिलं. "त्या जन्मभर हाच विषय शिकवत आल्या. म्हणून रिपोर्टची वाटही न बघता त्यांनी आपली खुर्ची शेजारणीला देऊन टाकली."

बाईंनी शेवटची काच उचलली, पट्टीच्या कडेला नख लावलं, पण पट्टी न काढताच काच पुन्हा भिंगाखाली सरकवली. बराच वेळ बघत राहिल्या. मग भिंग ओलं झालं म्हणून बाहीने पुसलं. तिला इतका आनंद झाला होता की हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही एकदमच होऊन गेलं.

"अहो," बाईंनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "शेजारणीकडून माझी खुर्ची मागून आणा. म्हणावं, जरा घाई झाली."

काका हात पुसत बाहेर आले. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि काहीएक न विचारता ते आतल्या खोलीत गेले. कपाटामागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेली खुर्ची होती.

"नेलीच नाहीत?" बाईंनी विचारलं.

"फार जड आहे," काका म्हणाले आणि ती वेताची खुर्ची त्यांनी एका हाताने खिडकीपाशी ठेवली.