उत्तरेची भिंत

विनयच्या नावाने कांचनने तीन वर्षांत एक शिवी हासडली नव्हती. चारचौघांत शिव्या देऊन राग वाया जातो, असं तिचं मत होतं. तिला तो सगळाच्या सगळा एकाच माणसावर काढायचा होता.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका खेड्यात स्पॅनिश अमदानीतलं मातीचं चर्च होतं. पाद्र्यांनी बांधलं म्हणतात. बांधलं तिथल्या मूळच्या रेड इंडियन लोकांनी, पाद्र्यांनी उभं राहून बांधून घेतलं. पुढे गावच्या बायकांनी ते जपलं. दर जूनमध्ये त्या माती आणि पेंढा पायांनी तुडवायच्या आणि भिंती हातांनी लिंपायच्या. प्रत्येक घराला भिंतीचा आपापला तुकडा ठरलेला. पावसाने गिलावा वाहून जायचा, पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

एकोणऐंशी साली अल्बुकर्की शहरातून विनयची बांधकाम कंपनी आली. "सिमेंट लावा, पुन्हा म्हणून बघायला नको," असं सांगून त्याने काम मिळवलं. नागपूरच्या कॉलेजातला त्याचा मित्र, कांचनचा नवरा जगन्नाथ, त्याच्याच कंपनीत इंजिनिअर. तो म्हणाला, मातीच्या भिंतीत ओल शिरली तर ती बाहेर पडायला वाट लागते, सिमेंटखाली आतल्या आत चिखल होईल. विनय हसला. "जग्गू, यार, तू तर शेणाने सारवायला सांगशील."

तीन वर्षांनी उत्तरेची भिंत बसली. विनयने ती पुन्हा उभारून दिली, वर पुन्हा सिमेंटच थापलं आणि गावाला सांगितलं की पाण्याचा निचरा जगन्नाथने चुकीचा काढला होता. जगन्नाथची नोकरी गेली. दुसरी कोणी दिली नाही. तो टीव्हीसमोर बसून राहायला लागला आणि त्याच हिवाळ्यात त्याचं हृदय बंद पडलं. विनय फुलं घेऊन आला, हात जोडून म्हणाला, "वहिनी, काही लागलं तर सांगा."

ते वाक्य कांचनने जपून ठेवलं.

त्या वर्षापासून ती दर जूनमध्ये त्या खेड्यात जायला लागली. बिचारी मन रमवते, असं अल्बुकर्कीतल्या मराठी मंडळींना वाटलं. तिने वाटू दिलं. लिंपणाऱ्या बायकांची मुख्य होती एलोइसा, सत्तरीची. चर्चला सिमेंट लागल्यापासून त्या नुसत्या अंगणाच्या भिंती लिंपत, आणि त्याचा राग एलोइसाच्या पोटात होताच. तिने कांचनला थापी वापरू दिली नाही, तळव्याने गिलावा ओढायला शिकवलं. शहाऐंशीच्या जूनमध्ये कांचनच्या सांगण्यावरून एलोइसाने विनयला फोन केला. सिमेंटला तडे गेलेत, येऊन बघा, नवीन काम द्यायचं आहे.

तो क्रीम रंगाच्या सुटात आला. अंगणात सगळा गाव जमलेला, आणि पुढे कोपरापर्यंत चिखलाने माखलेली कांचन.

"वहिनी? तुम्ही इथे?"

"काही लागलं तर सांगा म्हणाला होतात ना? लागलंय." पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची. तिने हातोडा पुढे केला. "उत्तरेच्या भिंतीवर मारा. खाली, तडा आहे तिथे."

"मंडेपर्यंत माणूस पाठवतो ना, वहिनी. प्रॉपर इन्स्पेक्शन करू."

तो वळला. मागे बायका उभ्या होत्या, आणि त्यातली एकही बाजूला झाली नाही.

शेवटी त्याने हातोडा मारला. सिमेंटचा भलामोठा पापुद्रा सुटला आणि मागून भिंतीची माती चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी त्याच्या बुटांवर आली. कुजका वास सुटला.

"आता इंग्लिशमध्ये सांगा," कांचन म्हणाली. "सिमेंट कुणी लावायला लावलं? आणि नको कोण म्हणालं होतं?"

त्याने सांगितलं. तोंडातल्या तोंडात सांगितलं, म्हणून एलोइसाने पुन्हा सांगायला लावलं. जगन्नाथचं नाव त्या अंगणात मोठ्याने घेतलं गेलं तेव्हा कांचनचे डोळे भरून आले, पण राग तसूभरही कमी झाला नाही.

एलोइसा म्हणाली, आम्ही कंत्राटदारांना लायसन्स देणाऱ्या बोर्डाकडे जातो, याचं लायसन्स जाईल. विनय पांढराफटक पडला.

"नको," कांचन म्हणाली. लायसन्स गेलं तर हा फ्लोरिडात मोटेल काढेल आणि दोन वर्षांत सगळं विसरेल, हे तिला पक्कं माहीत होतं. "सिमेंट याच्या खर्चाने निघेल. उत्तरेचा तुकडा जगन्नाथच्या नावाने राहील आणि तो हा लिंपेल. दर जूनमध्ये, स्वतःच्या हातांनी. ज्या वर्षी येणार नाही, त्या वर्षी तुम्ही बोर्डाकडे जा."

तेव्हापासून तो येतो. पहिल्या वर्षी त्याच्या हातांना फोड आले, कांचन सावलीत बसून लिंबूसरबत पीत बघत राहिली. एकोणनव्वदपर्यंत त्याचा हात चांगला बसला होता. त्या जूनमध्ये त्याने गिलावा इतका साफ ओढला की एलोइसानेसुद्धा मान डोलावली.

कांचन उठली. तिने भिंतीवरून तळवा फिरवला. कुठे खोट नव्हती. मग बोटं रुतवून तिने हातभर ओला गिलावा खाली ओढला.

"परत."

विनय गुडघ्यांवरच बसला होता. केस पिकलेले, नखांत माती. "वहिनी, अजून किती वर्षं?"

"जगन्नाथ किती वर्षांसाठी गेलाय?"

तो पुन्हा माती तुडवायला उठला. कांचनला बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. यंदा पाऊस चांगला आहे, असं सकाळी रेडिओवर सांगत होते. पुढच्या जूनपर्यंत त्या भिंतीवर यातलं काही उरणार नव्हतं.