खारपाणातली पाहुणी

“उपाशी पाहुण्यापाशी रडू नाई, बाई. आंधी जेवू घाल, मंग सांग.”

आईला जाऊन जमाना झाला, तरी भाकर थापताना दुर्गाबाईला तिचा आवाज ऐकू यायचा. आजवर त्या आवाजाची अडचण झाली नव्हती. संस्थेचं काम तपासायला येणारे कुणी जेवतच नसत. गावकऱ्यांच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा त्यांचा नियम. पाण्याच्या बाटल्याही सोबत असत. या खारपाणात विहीर खारी, बोअरही खारा, म्हणून संस्थेनं पाणी गोड करायचं मशीन बसवलं होतं. पाहुणे ते चालतं का, एवढं बघायचे. चालायचं. लोक खूश आहेत का, विचारायचे. दुर्गाबाई हो म्हणायची.

आज अमरावतीहून आलेली प्राजक्ता मात्र चुलीपुढं पाट ओढून बसली. संस्थेला पैसा देणाऱ्या परदेशी सरकारनं तिला पाठवलं होतं. पैसा चालू ठेवायचा की थांबवायचा, ते तिच्या अहवालावर ठरणार होतं. घरोघर फिरून तिला भोवळ आली होती. बाटली केव्हाच संपली होती.

“नियम राहू द्या, मावशी. भाकर द्या.”

“नियमानं काय पोट भरते?” म्हणत दुर्गाबाईनं तव्यावरची भाकर थेट ताटात टाकली, बाजूला झुणका वाढला.

ओसरीवर तिचा नवरा पुंजाजी भिंतीला टेकून होता. पाय सुजलेले. किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी त्याला अकोल्याला नेणारी गाडी याच संस्थेची. आतलं बोलणं ऐकून तो मुद्दाम खाकरला.

प्राजक्ता मन लावून जेवली. मशीनचं सगळीकडं कौतुकच ऐकलं, असं सांगत राहिली. शेवटचा घास संपवून तिनं कळशीवरचा गडू बुडवला, तोंडाशी नेला.

दुर्गाबाईनं गडूवर पालथा हात ठेवला.

“नको पिऊ, माय.”

“का हो? मशीनचंच आहे ना?”

ओसरीवर खाकरणं पुन्हा झालं. दुर्गाबाईनं तिकडं पाहिलं नाही. गडू काढून घेऊन तिनं पाणी चुलीमागं ओतलं.

“मशीन चालते. पानी खारंच पडते. आतली जाळी गेली, कोनी बदलवली नाई. अख्खं गाव तेच पेऊन राहिलं.” तिनं ओसरीकडं बोट केलं. “हे लिहिलं त ह्यायची अकोल्याची गाडी बंद होईन, मले मालूम हाय. तरी लिही.”